बाबांची गाडी डोनर होईल का?

“ताई, बाबांची गाडी डोनर म्हणून कशी वाटते तुला?”

रविवारची सकाळ. आई तव्यावर थालीपीठ थापत होती, मी लोण्याची वाटी पुढे ओढत होते आणि आमच्या धाकट्या बंधुराजांनी हा बॉम्ब टाकला. आईचा हात थांबला. मीही थांबले.

डोनर हा शब्द आमच्या घरात त्याआधी एकदाच उच्चारला गेला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये बाबा गेले तेव्हा. त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून आईने रडू आवरून आधी नेत्रपेढीला फोन लावायला सांगितला होता. तेव्हापासून त्या शब्दाला आमच्याकडे एक वजन आहे. आणि आता हे चिरंजीव तोच शब्द बाबांच्या गाडीला लावत होते!

ही गाडी म्हणजे प्रीमियर ११८ एनई. १९९१ साली बाबांनी घेतली, तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि धाकट्याचा जन्मही झाला नव्हता. बाबा मूळचे इचलकरंजीचे. १९७८ साली नोकरीसाठी बंगळूरला आले आणि राजाजीनगरचेच झाले. दर मे महिन्यात ही गाडी आम्हाला घेऊन तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत इचलकरंजीला जायची. मागच्या सीटवर आम्ही दोघं, मध्ये लोणच्याची बरणी आणि पुढे डाव्या बाजूला आई. आईच्या बाजूची काच खाली करायचं हँडल २००४ पासून तुटलेलं. बाबा दर वर्षी म्हणायचे, या वेळी नक्की बदलतो.

बाबा गेल्यावर गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत २०२१ मध्ये संपली. कुणीच ते मनावर घेतलं नाही.

धाकट्याला हवी होती एक किट कार. तुम्ही म्हणाल, हे काय आणखी नवीन? मलाही माहीत नव्हतं. वाक्यावाक्याला दामटून त्याच्याकडून वदवून घेतलं ते असं. किट कार म्हणजे घरच्या घरी बांधलेली मोटार. बाहेरचा सांगाडा आणि अंग नवीन, कुणी तयार घेतं, कुणी लोखंडी चौकोनी नळ्या कापून स्वतः वेल्डिंग करतं. पण इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, मागचा धुरा, झालंच तर वायरिंग हे सगळं नव्याने कोण बनवणार? ते एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं. ती जुनी गाडी म्हणजे डोनर.

हे वेड मूळचं इंग्लंडचं. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची दोन जणांची छोटी गाडी आणली. तिथे तयार मोटारीवर भरभक्कम कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ही गाडी खोक्यातून सुटी विकली जायची. अट एवढीच की, सोबत जोडणीची माहितीपत्रिका देता कामा नये. तेव्हा म्हणे ‘गाडी कशी सुटी करावी’ याची पत्रिका देण्यात येई आणि गिऱ्हाईक ती शेवटाकडून वाचत जाई! कायद्यातून पळवाट काढण्यात आपणच पटाईत आहोत असं मला उगीचच वाटत होतं. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या गृहस्थांनी अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात डोनर होती तिकडची जुनी फोर्ड एस्कॉर्ट. तेव्हापासून किती इंग्रज नवऱ्यांनी घरच्या गॅरेजमध्ये रात्री घालवल्या असतील, ते त्यांच्या बायकाच जाणोत.

“पण आपल्याकडे कोण करतं असलं?” आईने विचारलं.

“आई, तुझ्या सासरच्या गावानेच केलंय की!” धाकटा म्हणाला.

खरंच होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या डोक्याने बनवली होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत ते एकामागून एक नमुने तयार करत राहिले. सामान्य माणसाला बारा हजार रुपयांत गाडी मिळावी, हा त्यांचा हिशेब. ती कारखान्यापर्यंत पोचली नाही, पण बाबा तिच्याबद्दल असं बोलायचे की जणू घरातल्याच कुणाची गोष्ट सांगताहेत.

आणि बंगळूर तरी कुठे मागे आहे? याच शहरात सिपानींच्या कारखान्यातून आधी ‘बादल’ ही तीन चाकी मोटार निघाली आणि मग १९८२ मध्ये ‘डॉल्फिन’. ब्रिटनच्या रिलायंट किटन या गाडीवरून घेतलेली. खाली लोखंडी चासी, वर फायबरग्लासचं अंग आणि ८४८ सीसीचं हलकं ॲल्युमिनियमचं इंजिन. म्हणजे स्वभावाने जवळजवळ किट कारच! पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि डॉल्फिनकडे बघायला लोकांना वेळ राहिला नाही. धाकट्याला खरं म्हणजे डॉल्फिनच हवी होती. चार महिने शोधली. ज्यांच्याकडे आहे ते विकत नाहीत आणि जी विकायला आहे तिच्यात इंजिनच नाही.

मग त्याने वही काढली. मी पत्रकार, मला नोंदी आवडतात. पण ती वही पाहून मीही चाट पडले. एका पानावर एक गाडी. मुलगी बघायला जाताना आमच्या मावशीने कधी इतकी चौकशी केली नसेल.

पहिली स्टँडर्ड हेराल्ड. साठच्या दशकात मद्रासला बनायची. तिला वेगळी चासी असते. वरचं अंग बोल्ट काढून उचललं की खाली चाकांसकट सांगाडा तयार, म्हणजे डोनर म्हणून सोन्याहून पिवळी. पण हेराल्ड आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या हाती आहे आणि चांगली हेराल्ड कापणं हे पाप, असं धाकट्यानेच लाल शाईने लिहिलं होतं. कॉन्टेसा दमदार, पण तिचं सगळंच जड. अँबॅसिडरही जडच. पद्मिनी साधी, कुठलाही मिस्त्री डोळे मिटून दुरुस्त करील अशी. पण तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तो खाली आणायचा म्हणजे खटाटोप. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली, तेव्हापासून पद्मिनीवाल्यांचा भाव वधारलाय.

मारुती ८०० स्वस्त, ढिगाने मिळणारी, सुट्या भागांची ददात नाही. अडचण एकच. तिचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं आणि ते पुढचीच चाकं ओढतं. लोटससारख्या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना लागते. मग मारुतीचा पुढचा सगळा संच उचलून चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसवायचा. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती नावाच्या एका सीटच्या शर्यतीच्या गाड्या केल्या, त्यात मारुतीचं हेच इंजिन पाठीमागे होतं.

आणि मग ओम्नी! भाजीवाल्यांची, शाळेच्या मुलांची, हिंदी सिनेमातल्या अपहरणाची ओम्नी. इंजिन तेच ७९६ सीसीचं, पण उभं बसवलेलं, पुढच्या सीटखाली. तिथून लांब दांडा मागे जातो आणि मागची चाकं फिरवतो. वरून डबा, आतून स्पोर्ट्स कारची मांडणी. मला हे ऐकून हसू आवरेना, पण ते खरं आहे.

शेवटच्या पानावर होती ११८ एनई. अंग फियाट १२४ चं, म्हणजे इटलीत १९६६ मध्ये आलेल्या आणि रशियात लाडा म्हणून जन्म घेतलेल्या गाडीचं. इंजिन जपानच्या निस्सानचं, ११७१ सीसी. ताकद मागच्या चाकांना, गिअर खाली. त्या पानावर लाल शाई कुठेच नव्हती. खाली फक्त लिहिलं होतं, ‘आपल्या अंगणात आहे.’

मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. बाबांची गाडी गॅसकटरने कापायची? तो शांतपणे म्हणाला, “ताई, ती उभ्याउभ्या सडतेय. निदान तिचं इंजिन तरी धावेल. बाबांनी डोळे दिले तेव्हा तू नाही म्हणालीस का?”

याला काय उत्तर द्यायचं? आईने थालीपीठ उलटलं आणि म्हणाली, “आधी बाजारात जाऊन बघून या. नंतर भांडा.”

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दोघं शिवाजीनगरच्या गुजरीत गेलो. कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला हवं की, आपली गुजरी म्हणजे सराफांची गल्ली. बंगळूरची गुजरी म्हणजे भंगाराचा बाजार! आई पहिल्यांदा बंगळूरला आली तेव्हा शेजारणीने ‘गुजरीत स्वस्त मिळतं’ म्हटल्यावर ती मंगळसूत्र गाठवायला निघाली होती म्हणे.

तिथल्या बोळांत दोन्ही बाजूंना मोटारींचे अवयव टांगलेले. एका दुकानात नुसती दारं, एकात नुसते दिवे, एकात गिअरबॉक्सचा ढीग. ज्या दुकानदाराकडे आम्ही गेलो ते पांढऱ्या दाढीचे भाईजान दख्खनी बोलत होते. त्यांनी धाकट्याला पहिल्या दहा मिनिटांत जे शिकवलं, ते त्याच्या वहीत नव्हतं.

डोनरचा पत्रा बघायचा नाही. पत्रा तर फेकायचाच आहे. बाहेरून चकचकीत गाडी म्हणजे उलट धोका, कारण आपण रंगाचे पैसे देतो. बघायचं ते आत. खरी गोष्ट पूर्णत्वाची. ज्या गाडीत सगळं एकाच जागी, एकमेकांशी जुळणारं आहे, तीच घ्यायची. इंजिन एका दुकानातून आणि गिअरबॉक्स दुसऱ्यातून घेतला की मधल्या एका बुशसाठी महिनाभर हिंडावं लागतं. वायरिंगचा जुडगा कापलेला नको. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर कागदाशी ताडून बघायचा, घासलेला दिसला तर फुकटही घ्यायची नाही. पाठीमागून ठोकर खाल्लेली गाडी चांगली, कारण पुढचं सगळं शाबूत असतं. फक्त मागचा धुरा सरळ आहे ना, ते दोरी लावून पाहायचं. आणि पुरात बुडालेली गाडी कितीही स्वस्त असो, नको म्हणजे नको. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली, २०१८ मध्ये केरळ. बेअरिंगांत गाळ, वायरच्या आत हिरवी बुरशी. भाईजानांनी एका गाडीच्या सीटखालचं कार्पेट उचलून दाखवलं. रंग झकास होता आणि खाली वाळलेल्या चिखलाचा थर.

धाकट्याने फोनमधला ११८ एनईचा फोटो पुढे केला. भाईजानांनी चष्मा चढवला, बराच वेळ पाहिलं. “चालूच है?”

“बॅटरी लावली तर होईल चालू.”

“फिर इसे काटना नक्को, मियां. मरीसो गाडी से लेना. जिंदी को काइकू?”

परतताना आम्ही दोघंही गप्प होतो.

पण भावना एका बाजूला, कायदा दुसऱ्या बाजूला. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक आहेत. त्यांच्याकडे फिल्टर कॉफी घेता घेता जे कळलं, त्याने धाकट्याचा चेहरा उतरला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं ५२ वं कलम सांगतं की, कारखान्याने गाडीची जी वैशिष्ट्यं ठरवून दिली, त्यांत मूलभूत बदल करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. रंग बदला, परवानगी घेऊन त्याच जातीचं इंजिन बदला, गॅसचं मान्यताप्राप्त किट बसवा. पण सांगाडाच नवीन आणि रजिस्ट्रेशन जुन्या गाडीचं, हे चालणार नाही.

“मग नवीन गाडी म्हणून नोंदवू,” धाकटा म्हणाला.

साहेब हसले. नवीन नमुन्याची मोटार रस्त्यावर आणायची तर तिची सरकारमान्य संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. पुण्याला वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यांपैकी एक. ब्रेक, दिवे, धूर, धडक, सगळं. हजारो गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला ते परवडतं. एका गाडीसाठी एक माणूस ते कुठून करणार? ब्रिटनमध्ये हौशी माणसाच्या एकेकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे, आपल्याकडे तशी सोय नाही. आणि नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागेत चालवायची नाही, म्हणजे घरासमोरच्या गल्लीतही नाही.

साहेबांना या विषयाची गोडी दिसली. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेली गुणांची पद्धत त्यांनी सांगितली. बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर मूळ गाडीचे किमान आठ गुण भरावे लागत. मूळ सांगाड्याला पाच. धुरे, स्टिअरिंग, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांना दोन दोन. आणि इंजिनाला? फक्त एक! मी चकित झाले. आपण इंजिनाला गाडीचं काळीज समजतो. सरकारी हिशेबात मात्र गाडीची ओळख तिच्या हाडांत असते.

“म्हणजे बाबांची गाडी कापली तर तिचा नंबरही गेला?” मी विचारलं.

“नंबर, कागद, सगळं. ती गाडी मग कुठेच राहिली नाही. आणि नवी गाडीही कागदावर जन्मली नाही,” साहेब म्हणाले.

त्या रात्री आम्ही तिघं अंगणात बसलो होतो. आईने ताडपत्री थोडी उचलली. मला वाटलं होतं, ती आता डोळ्यांत पाणी आणून नको म्हणेल. ती म्हणाली, “मला गाडी कापल्याचं दुःख नाही. ती उभी आहे, याचं आहे. सहा वर्षं रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ही ताडपत्री दिसते मला. काय ते एक करा. धावू दे, नाहीतर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.”

मी गाडी वाचवायला निघाले होते. पण पाच वर्षांत एकदा तरी तिचं रजिस्ट्रेशन बघितलं होतं का मी? धाकटा निदान तिच्याकडे बघत तरी होता.

दुसऱ्या दिवशी त्याने वहीतलं ते शेवटचं पान दुमडलं. किट कारचं खूळ मात्र सोडलेलं नाही. गुजरीतून एक ओम्नी आलीय, ट्रकने मागून ठोकरलेली, रजिस्ट्रेशन रीतसर रद्द झालेली. तिचं इंजिन सध्या आमच्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली आहे. त्यातून जी गाडी होईल ती रस्त्यावर येणार नाही, टेम्पोवर चढून शर्यतीच्या ट्रॅकवर जाईल, असं त्याने साहेबांना वचन दिलंय. तिला किती वर्षं लागतील, ते विचारायचं नाही असं घरात ठरलं आहे.

बाबांच्या गाडीचे कागद मी हातात घेतले. आधी वारस म्हणून आईच्या नावावर करायची, मग मुदत वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचा दंड वेगळा. शिवाय जुन्या गाडीची फी पुढेही वाढत गेली. आळसाचा हिशेब मांडला तेव्हा घाम फुटला. पण गाडी तपासणीला न्यायची तर आधी चालायला हवी. ब्रेकची रबरं वाळलेली, कार्ब्युरेटर चिकटलेला, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला चीर. ११८ एनई बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. सामान कुठून आणायचं?

पुन्हा भाईजान. त्यांच्या मागच्या अंगणात मंगळूरकडून आलेली एक ११८ एनई पडली होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने तिची तळजमीन पार खाल्लेली, दार उघडलं की पायाखालची माती दिसायची. तिला आता कुणीही उभी करू शकलं नसतं. धाकट्याने तिच्यातून डिस्ट्रिब्युटर काढला, दोन दिवे काढले, दरवाजाची रबरं काढली. मी डाव्या दारापाशी वाकून बघितलं. हँडल होतं.

“ये भी लेतूं, भाईजान. कित्ते?”

“उसका क्या पैसा, अम्मा. लेके जाओ.”

गेल्या रविवारी धाकट्याने ते बसवलं. दहा नंबरचा पाना मी धरून दिला. दुपारी आई पुढच्या सीटवर जाऊन बसली, गाडी अजून विटांवरच होती. तिने हँडल फिरवलं. काच करकरत अर्ध्यापर्यंत खाली गेली आणि अडकली.

“थोडं ग्रीस लागेल गं,” आई म्हणाली.